विजेची परतीची वाट



विजेवर बोलावयास बसलेला वक्ता बहुधा धरणांपासून किंवा आकाशांतल्या विजेपासून आरंभ करतो. मी आज एका अगदीं क्षुद्र, किंबहुना निषिद्ध वस्तूपासून आरंभ करणार आहें.

गेल्या श्रावणांत घोटीच्या बाजारपेठेंत एकाएकीं मोठी सर आली, म्हणून मी एका दुकानाच्या वळचणीस उभा राहिलों. दुकान माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचें. मोबाईल, विजेऱ्या, घड्याळें असल्या वस्तु तो दुरुस्त करतो. भंडारदऱ्याकडे निघालेल्या कोणा प्रवाशानें त्याच्यापुढें बोटभर लांबीची एक धातूची नळी ठेविली होती. ती विजेची सिगारेट होती. निकोटिन मिसळलेला द्रव विजेनें तापवावयाचा आणि त्याची वाफ छातींत ओढावयाची, असें हें नवें व्यसन आहे. या यंत्राचें उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात हीं सर्व आपल्या देशांत २०१९ सालच्या कायद्यानें बंद केलेलीं आहेत. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या विद्यार्थ्यानें ती नळी हातांत घेण्याचेंहि नाकारलें, हें त्यानें उत्तम केलें. परंतु गिऱ्हाईक जातां जातां बोललें, "कांहीं नाहीं हो, याचं ग्राउंड फक्त लूज झालंय." तो एक शब्द मात्र दुकानांत मागें राहिला.

मला पाहतांच विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, ग्राउंड म्हणजे आपलं अर्थिंगच ना? मग त्या बोटभर नळीला अर्थिंग कुठून आलं? ती तर जमिनीला टेकतसुद्धां नाहीं."

प्रश्न फार चांगला होता. इतकीं वर्षें मुलांस विज्ञानाचे पाठ सांगितले, पण हा प्रश्न ना मला कधीं सुचला, ना कोणीं विचारला. आणि तो त्यास नुसत्या जिज्ञासेनें पडलेला नव्हता, हें मला त्याच सायंकाळीं कळलें. तो प्रसंग पुढें सांगेन. प्रथम प्रश्नाचें उत्तर पाहूं.

विजेचा प्रवाह हा पाटाच्या पाण्यासारखा नसतो. पाटाचें पाणी शेतांत शिरलें कीं त्याचें काम झालें. तें माघारें विहिरींत जावें लागत नाहीं. विजेचें तसें नाहीं. ती ज्या उगमापासून निघाली त्याच उगमाकडे तिला परतावें लागतें. परतीची वाट कोठें तुटली, तर जाण्याची वाट कितीहि चांगली असली तरी प्रवाह मुळीं सुरूच होत नाहीं. हातांतली साधी विजेरी घ्या. सेलच्या टोकावरील पितळेची टोपी दिव्याच्या बुडास टेकलेली असते. ही जाण्याची वाट. दिव्यांतून निघालेला प्रवाह परत सेलच्या बुडाशीं जातो कसा? दुसरी तार तर कोठें दिसत नाहीं. जुन्या पद्धतीच्या धातूच्या विजेरींत नळीचें अंग हीच दुसरी तार असते. दिव्याच्या कडेपासून नळींत, नळींतून बुडाच्या झांकणांत, झांकणांतून स्प्रिंगेंत आणि स्प्रिंगेंतून सेलच्या बुडांत, असा तो प्रवाह फिरून येतो. मधल्या खटक्यानें ही वाट जोडावयाची किंवा तोडावयाची, इतकेंच. आतां या वाटेंत सांधे किती, तें मोजा. स्प्रिंगेचा एक, झांकणाच्या आट्यांचा एक, खटक्याचा एक, दिव्याच्या कडेचा एक. यांपैकीं एकावर जरी गंज चढला तरी विजेरी रुसते, आणि आपण तिला तळहातावर थापट मारतों. थापटीनें गंजाचा पापुद्रा क्षणभर सरकतो, दिवा लागतो, आणि सेल चांगले आहेत अशी आपली समजूत होते. ती समजूत खरीच असते. दोष सेलांत नसतोच.

प्रवाशाच्या त्या नळींत हीच रचना असते. आंत लिथियमचा एक घट. त्याचा दाब साधारण ३.७ व्होल्ट, पूर्ण भरला असतां ४.२. वर द्रव तापविणारें बारीक तारेचें वेटोळें. वेटोळ्याचें एक टोंक मधल्या खुंटीस आणि दुसरें बाहेरच्या आट्यांस जोडलेलें. दोहोंच्या मध्यें वीज न वाहूं देणारें एक कडें. मधली खुंटी ही जाण्याची वाट आणि आट्यांसह सगळें धातूचें अंग ही परतीची. या सामाईक परतीच्या वाटेस कारागीर लोक 'ग्राउंड' म्हणतात. मोटारगाडींत घटाचें ऋण टोंक गाडीच्या सांगाड्यास बांधतात, त्यासहि तेंच नांव आहे. गाडी रबरी चाकांवर उभी. तिचा भूमीशीं संबंध नाहीं. म्हणजे येथें 'ग्राउंड' हें केवळ उसनें नांव आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर एवढेंच.

परंतु विजेरी आणि ही नळी यांत एक भेद आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. दोन सेलांच्या जुन्या विजेरींत प्रवाह सुमारें ०.३ अँपिअर वाहतो आणि दिव्याचा रोध दहा ओमच्या आसपास असतो. सांध्यांत ०.१ ओमची भर पडली तरी दिव्यास तिचा पत्ता लागत नाहीं. नळींतल्या वेटोळ्याचा रोध मात्र अर्धा ओम धरूं. चार व्होल्टांच्या दाबानें त्यांतून आठ अँपिअर वाहतील आणि बत्तीस वॅट उष्णता निघेल. आतां तोच ०.१ ओमचा मळकट सांधा मध्यें घाला. प्रवाह आठावरून सुमारें पावणेसातावर येतो, वेटोळ्याची उष्णता बत्तिसावरून बाविसावर उतरते, आणि सांध्यांतच साडेचार वॅटांच्या आसपास उष्णता निघूं लागते. आट्यांत चिकट द्रव उतरला, जास्त पिळल्यामुळें मधली खुंटी दबून गेली, वेटोळ्याच्या पायाचा स्क्रू सैल झाला, कीं ही अवस्था येते. रोध मोजणाऱ्या यंत्रावर आंकडे नाचूं लागतात, आणि मालक 'ग्राउंड गेलें' म्हणून दुकानाची पायरी चढतो. पुढें मधलें कडें जळलें, म्हणजे जाण्याची वाट व परतीची वाट मध्येंच एकमेकींस भेटतात, आणि घटाची सर्व शक्ति क्षणांत मोकळी होते. लिथियमचा घट अशा वेळीं नुसता तापत नाहीं, पेटतोहि. मनुष्य असली वस्तु खिशांत घालून हिंडतो याचें मला नवल वाटतें. तिच्यांतल्या निकोटिनाची गोष्ट तर निराळीच.

दाब लहान आणि प्रवाह मोठा असला म्हणजे सांध्यास महत्त्व येतें, हें सूत्र नळीपुरतें नाहीं. घरांतला पाणी तापविण्याचा बंब पंधराशें वॅटांचा असला तर त्यास साडेसहा अँपिअर लागतात. म्हणजे नळीइतकाच प्रवाह! भिंतींतल्या सॉकेटच्या पकडींत ०.१ ओमचा दोष शिरला कीं तेथें चार वॅटांवर उष्णता निघते आणि पिन हातास कोमट लागते. तोच दोष एक ओमवर गेला तर चाळीस वॅट. माझ्या विद्यार्थ्याची डाग लावण्याची कांडी पंचवीस वॅटांची आहे, आणि तिनें कथील वितळतें. सॉकेट काळें कां पडतें आणि तेथून घरास आग कशी लागते, हें यावरून ध्यानांत यावें. यांत फ्यूज उडत नाहीं, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट किंचित् कमी झालेला असतो. कोमट पिन ही घरांतली पहिली आणि बहुधा एकमेव सूचना होय.

आमच्या घोटीस या दोषाचें एक खास कारण आहे. इगतपुरी तालुक्यांत पावसाळ्यांत चार महिने हवा ओली असते, भिंतींस पाझर फुटतात, भाताच्या गिरण्यांतला कोंडा ओल धरून प्रत्येक फटींत बसतो. खांबावरून घरांत येणारी तार पुष्कळ ठिकाणीं अॅल्युमिनियमची आणि घरांतली तांब्याची असते. या दोन धातूंस नुसता पीळ देऊन एकत्र बांधलें आणि त्यांवर ओल बसली, म्हणजे तेथें एक लहानसा विद्युद्घटच तयार होतो आणि त्यांत अॅल्युमिनियम झिजत जातें. शिवाय अॅल्युमिनियमवर उघड्या हवेंत जो पातळ लेप चढतो तो वीज वाहूं देत नाहीं. या सांध्यास दोन धातूंचा मुद्दाम बनविलेला जोड मिळतो. तो बसविण्याऐवजीं पीळ देऊन वर काळी पट्टी गुंडाळण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. पट्टीनें दोष झांकतो, जात नाहीं.

सांध्याची काळजी कशी घ्यावी हें पाहावयाचें असेल तर घोटी स्टेशनच्या फलाटावर उभें राहून रुळांकडे पाहावें. डोक्यावरच्या तारेंत २५,००० व्होल्टांचा दाब आहे. तेथून प्रवाह इंजिनांत उतरतो आणि परतीच्या प्रवासांत चाकांवाटे रुळांत शिरतो. मुंबईकडून इगतपुरीपर्यंतचा मार्ग १९३० च्या सुमारास विजेचा झाला, तेव्हां तेथें १५०० व्होल्टांची एकाच दिशेनें वाहणारी वीज होती. पुढें नाशिककडच्या मार्गास २५,००० व्होल्टांची दिशा पालटणारी वीज आली. त्यामुळें कित्येक वर्षें इगतपुरीस गाड्या थांबून इंजिनें बदलीत. घाटावरचे वडे खाण्यास उतारूंना त्यामुळें वेळ मिळे, तो भाग वेगळा. या शतकाच्या पहिल्या दशकांत घाटांतली वीजहि पालटली. दोन्ही काळांत एक गोष्ट मात्र कायम राहिली. दोन रुळ जेथें पट्ट्यांनीं व बोल्टांनीं जोडतात, तेथें शेकडो टनांची गाडी पेलणाऱ्या त्या लोखंडी पट्टीवर विजेच्या बाबतींत विश्वास ठेवीत नाहींत. एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत वीज वाहून नेणारा निराळा जोड देतात. बोल्ट गाडीसाठीं आणि जोड विजेसाठीं. घट्ट सांधा आणि विजेस चांगला सांधा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आतां खऱ्या अर्थिंगकडे येतों, कारण येथें 'ग्राउंड' या शब्दाचा अर्थ पालटतो आणि चूक प्राणावर बेतते.

घरांत दोन तारा कामाच्या. एक फेजची आणि एक न्यूट्रलची. फेजनें यावें, न्यूट्रलनें परत जावें. तिसरी हिरवी तार कामाची नव्हे. ती यंत्राच्या धातूच्या अंगास बांधलेली असते आणि तिच्यांतून एरवीं कांहींच वाहूं नये. नळींत अंग हीच परतीची वाट होती. घरांत अंग ही वाट कधींहि होतां कामा नये. आंतली फेज सुटून अंगास लागली तरच हिरव्या तारेनें तो प्रवाह भूमींत न्यावयाचा आणि फ्यूज उडवावयाचा. तीन पिनांच्या प्लगांत वरची पिन जाड आणि लांब असते ती यासाठींच. प्लग खोंचतांना अर्थ सर्वांच्या आधीं जोडला जातो आणि काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटतो. कांहीं लोक ती पिन सॉकेटांत बसत नाहीं म्हणून कापून टाकतात. एकदां आमच्या घरच्या मंडळींस बंबाच्या नळास हात लावतांच मुंग्या आल्या. उघडून पाहतों तों हिरवी तार कापून, तिचें टोंक व्यवस्थित गुंडाळून आंत सारलेलें! ज्या कारागिरानें तें केलें त्याचें म्हणणें असें कीं, "दोनच तारांवर चालतंय ना?" चालत होतें, यांत शंका नाहीं.

पण हिरवी तार जोडलेली असली म्हणजे संपलें असेंहि नाहीं. घोटीच्या आसपास कित्येक ठिकाणीं मातीचा थर पातळ आणि खालीं काळा कातळ. पावसाळ्यांत अर्थिंगचा खड्डा भिजलेला असतो. चैत्र-वैशाखांत तोच कोरडा ठणठणीत होतो आणि त्याचा रोध चढतो. समजा, फेज अंगास लागली आणि भूमींतल्या सर्व वाटेचा रोध मिळून २३ ओम भरला. २३० व्होल्टांस २३ नें भागलें तर दहा अँपिअर. फ्यूज सोळा अँपिअरांचा. तो उडणार कसा? यंत्राचें अंग तसेंच जिवंत राहील, आणि ओल्या हातानें स्पर्श करणाऱ्याच्या देहांतून त्यास दुसरी वाट मिळेल. ओल्या देहाचा रोध एक हजार ओम धरला तर पूर्ण दाबानें २३० मिलिअँपिअर वाहतात. प्राण जाण्यास याच्या कितीतरी कमी पुरतात. म्हणून गळती ओळखणारा खटका घरांत बसवावा. तो फेजनें गेलेला आणि न्यूट्रलनें परत आलेला प्रवाह यांचा सतत ताळा पाहतो. तीस मिलिअँपिअरांची तूट दिसली कीं क्षणार्धांत वीज तोडतो. हिशेब चोख ठेवणारा असा कारकून मी दुसरा पाहिला नाहीं.

त्या सायंकाळीं विद्यार्थ्यानें मला खरी गोष्ट सांगितली. ज्येष्ठांतल्या वादळानें त्याच्या शेतावरील गोठ्याकडे जाणारी न्यूट्रलची तार तुटली होती. तक्रार दिली होती. माणूस आला नव्हता. तोंवर वडिलांनीं एक युक्ति केली. फेज तशीच ठेवून, दिव्याची दुसरी तार गोठ्याच्या कोपऱ्यांत ठोकलेल्या एका लोखंडी सळईस बांधली, आणि साठ वॅटचा पिवळा दिवा झकास पेटला. "गुरुजी, त्या नळीला अंगाचं ग्राउंड चालतं, मग आमच्या दिव्याला जमिनीचं कां चालूं नये?"

चालतें, हीच तर अडचण आहे. रोहित्राजवळ न्यूट्रल भूमीस बांधलेली असते, म्हणून सळईंतून शिरलेला प्रवाह मातींतून रोहित्राकडे परत जातो. १८३८ सालीं म्यूनिक येथील स्टाइनहाइल यानें तारायंत्रांत दुसऱ्या तारेच्या जागीं भूमीचा उपयोग केला, आणि पुढें जगभर तारखात्यानें एका तारेवर संदेश धाडले. परंतु तारायंत्राचा प्रवाह अत्यल्प. गोठ्यांतल्या त्या सळईस उद्यां कोणीं हजार वॅटांची पाणी तापविण्याची कांडी जोडली तर? कांडीचा रोध ५३ ओम, सळईचा भूमीशीं रोध ३० धरा. सळईवरच ८० व्होल्टांवर दाब चढेल, आणि तिच्याभोंवतालच्या ओल्या मातींत तो पावलागणिक उतरत जाईल. गाईचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत दीड हाताहून अधिक अंतर. तिला दोन दाबांवर उभें राहावें लागतें, आणि पायांत नाल नाहीं, जोडा नाहीं.

पण माझ्या मनांत कांडीची भीति नव्हती, दिव्याचीच होती. सळईवरचा पट्टा गंजून एके रात्रीं दिवा विझेल. वडील काय करतील? अनवाणी, भाताच्या चिखलानें भिजलेल्या पायांनीं कोपऱ्यांत जातील आणि सुटलेली तार हातांत धरून पुन्हां सळईस लावतील. त्या क्षणीं ती तार दिव्यामार्गें सरळ फेजला जोडलेली असते. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असें डोळ्यांस वाटतें. वास्तविक विझलेल्या दिव्याची तार थंड असते आणि थंड तारेचा रोध पेटलेल्या तारेच्या सुमारें दहावा हिस्सा. म्हणजे दिवा कांहींच अडवीत नाहीं. जवळजवळ सगळा दाब त्या मनुष्याच्या अंगावर पडतो, आणि त्याच्यामार्गें परतीची वाट पुरी होते.

मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें दुकान ओढून घेतलें आणि आम्ही दोघे त्याच्या फटफटीवरून शेताकडे गेलों. पाऊस चालूच होता. वडील माझ्याहून वडील. मी त्यांस "दादा" म्हणतों. त्यांनीं प्रथम हंसण्यावारी नेलें. "गुरुजी, दोन महिने जळतोय दिवा, काय झालं?" मुलानें आधीं मुख्य खटका पाडला, टेस्टरनें फेज पाहिली, खांबाकडची तार सोडवून घेतली, आणि मगच सळईपाशीं गेला. पट्टा त्यास पानानें खोलावा लागला नाहीं. बोटांच्या चिमटींतच त्याचे दोन तुकडे झाले. एका बाजूस केसाएवढें लोखंड काय तें उरलें होतें. दादांनीं तो तुकडा बराच वेळ तळहातावर उलटासुलटा करून पाहिला आणि गोठ्याच्या कोनाड्यांत ठेवून दिला.

न्यूट्रलची तार त्यानंतर आठ दिवसांनीं जोडली गेली. तोंवर गोठ्यांत रात्रीं एक जुनी धातूची विजेरी टांगलेली असे. तिची स्प्रिंग मुलानें पॉलिशकागदानें घांसून दिली होती; थापट मारावी लागत नव्हती.